इंदुरात जुनं ग्लायडर आणताना ३८ लाखांचे ६९ लाख कसे होतात

प्रकरण इंदूरचं आहे. रामबाग आणि लोकमान्य नगर भागातल्या नऊ जणांनी एक सोसायटी नोंदवली आणि दोन आसनी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घ्यायचं ठरवलं. त्यांतले दोघं पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकलेले, एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, एक सीए, बाकीचे हौशी. प्रत्येकी पाच लाख, म्हणजे ४५ लाखांची पुंजी. जर्मनीतल्या एका क्लबचं एएसके २१ ३८,००० युरोला विकायला होतं. युरो शंभर रुपयांना धरला तर ३८ लाख, उरलेल्या सात लाखांत वाहतूक आणि कर भागतील, असा अंदाज. कागद-पेन घेऊन बसल्यावर आकडा ६९ लाखांवर गेला, आणि ग्लायडर हवेत चढवायची सोय त्यात धरलेलीच नव्हती.

इथली मंडळी आणि किमती नमुन्यादाखल घेतल्या आहेत, हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून. युरोचा दर सगळीकडे १०० रुपये धरला आहे. पायऱ्या, नियम आणि घसरायच्या जागा मात्र खरी आयात करणाऱ्याच्या वाट्याला येतात त्याच आहेत.

दोन जाहिराती

मंडळापुढे दोन पर्याय होते. पहिला एएसके २१. पोपेनहाउझेनच्या आलेक्झांडर श्लायशर कारखान्याचं हे काचतंतूंचं (फायबरग्लासचं) ग्लायडर १९७९ पासून उडतंय. नावातला ‘के’ म्हणजे त्याचा रचनाकार रुडॉल्फ कैसर. पंखांची लांबी १७ मीटर, धडाची ८.३५ मीटर, कमाल वजन ६०० किलो, घसरण गुणोत्तर ३४. म्हणजे वारा नसेल तर एक किलोमीटर उंचीवरून ३४ किलोमीटर जातं. शिकवायला याच्याइतकं सोसणारं यंत्र कमीच आहे, म्हणून जुनं झालं तरी त्याची किंमत फारशी पडत नाही.

दुसरा पर्याय ९,००० युरोचं ब्लानिक एल-१३. चेकोस्लोव्हाकियातल्या कुनोवित्सेचं, पत्र्याचं, १६.२ मीटर पंखांचं, घसरण गुणोत्तर २८. अडीच हजारांहून जास्त नग बनले, जगभर पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकल्या. माळव्याच्या उन्हाला पत्राच बरा, हा मंडळातल्या अभियंत्याचा मुद्दा अगदी बरोबर होता. आणि किंमत चौथ्या हिश्श्याच्याही आत.

पण जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३ चा पंख हवेतच तुटला. मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईच्या, खालच्या पट्टीला, पंखाच्या मुळाशी, थकव्याची भेग गेली होती. युरोपीय नियामकाने सगळी एल-१३ जमिनीवर बसवली. पुढे स्पार मजबूत करण्याच्या मंजूर दुरुस्त्या निघाल्या, पण ज्या नगावर त्या झाल्या नाहीत तो नग म्हणजे ॲल्युमिनियमची रद्दी. जाहिरातीत ‘उत्तम स्थिती, हँगरमध्ये ठेवलेलं’ एवढंच होतं, दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. स्वस्त ब्लानिकच्या जाहिरातीत पहिला प्रश्न हाच विचारावा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा प्रश्न विचारू नये.

किंमत लॉगबुकात असते

ब्लानिकचं उदाहरण घेऊनच सांगतो, कारण तिथे गोष्ट लख्ख दिसते. स्पार किती थकला हे नुसत्या तासांवरून कळत नाही. विंचने (जमिनीवरून दोरी गुंडाळत ग्लायडर चढवणाऱ्या यंत्राने) किती वेळा चढवलं, विमानाने किती वेळा ओढलं, दोघं बसून किती तास, एकटा किती, कसरती किती, हे सगळं लागतं. विंचच्या चढाईत पंखांवर मोठा भार येतो, म्हणून ५०० तास उडालेलं पण हजारो विंच-चढाया झालेलं ग्लायडर १,५०० तास विमानामागे उडालेल्यापेक्षा जास्त थकलेलं असू शकतं. नोंदी नसल्या तर वाईटात वाईट धरावं लागतं, आणि वाईटात वाईट धरलं की आयुष्य संपलेलं निघतं.

काचतंतूच्या ग्लायडरलाही हेच लागू आहे, फक्त वेगळ्या रूपात. जर्मन काचतंतू ग्लायडरचं आयुष्य टप्प्याटप्प्याने वाढवून मिळतं. ३,००० तासांनी कारखान्याने ठरवून दिलेली मोठी तपासणी, ती पास झाली की पुढचा टप्पा. २,९०० तासांचं एएसके २१ स्वस्त वाटतं, कारण विकणारा ती तपासणी तुमच्या माथी मारतोय. ती जर्मनीत करून घेतली तर तिथली कार्यशाळा, तिथले सुटे भाग, तिथली सही. इंदुरात करायची तर सही करायला अधिकार असलेला माणूस आधी शोधावा लागेल.

म्हणून विक्रेत्याकडून फोटोआधी हे मागावं: पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं, चालू एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (उड्डाणयोग्यतेचा दाखला), शेवटचा वजन-तोल अहवाल, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (नियामकाचे सक्तीचे आदेश) आणि कारखान्याच्या टेक्निकल नोट्स पाळल्याची यादी, अपघात-दुरुस्तीचे कागद, आणि बदललेल्या प्रत्येक भागाचा ईएएसए फॉर्म १, म्हणजे तो भाग वापरायोग्य असल्याचा युरोपीय दाखला. खेचदोरीच्या टोस्ट हुकची वेगळी नोंद बघावी. हुकचं आयुष्य चढायांच्या संख्येवर मोजतात, आणि क्लबच्या शिकाऊ ग्लायडरवर ती झपाट्याने भरते. जोडणीचे लोटेलिए सांधे हाताने हलवून पाहावेत. चेंडू आणि वाटीत खेळ आला असेल तर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि एअरब्रेकच्या नळ्यांमध्ये तोच खेळ उतरतो.

आता रंग. पांढरा रंग ही शोभा नव्हे. काचतंतू धरून ठेवणारी इपॉक्सी गरम झाली की मऊ पडते, आणि या वर्गातल्या काचतंतू रचनांची मजबुती साधारण ५४ अंश सेल्सिअसपर्यंतच दाखवलेली असते. पांढऱ्या रंगामुळे उन्हातला पृष्ठभाग त्या मर्यादेत राहतो. इंदूरचा मे ४२ अंशांपर्यंत जातो, तेव्हा रंगीत पट्टे असलेलं ग्लायडर बघायचंच नाही. वरच्या पांढऱ्या थराला, जेलकोटला, केसासारख्या भेगा आहेत का, हे पंखावर तिरपा उजेड टाकून बघतात. भेगा असतील तर सगळा जेलकोट घासून नवा द्यावा लागतो, आणि ते काम शेकडो तासांचं आहे. स्वस्त काचतंतू ग्लायडर बहुधा याच कारणाने स्वस्त असतं.

मंडळाने जर्मनीतला एक स्वतंत्र निरीक्षक नेमून तपासणी करवली. प्रवासासह १,२०० युरो. हा खर्च वाचवण्यासारखा नाही. विक्रेत्याच्याच क्लबच्या मेकॅनिकचा अहवाल चालतो असं काहींना वाटतं. तो मेकॅनिक प्रामाणिक असेलही, पण त्याला ते ग्लायडर दररोज बघायची सवय झालेली असते.

आगाऊ रक्कम देण्याआधी

क्रम चुकला की पैसे अडकतात. पैसे पाठवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, नगाचा अनुक्रमांक, बनावटीचं वर्ष, तास, चढाया आणि टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाच्या मंजुरीची, प्रत देऊन लेखी विचारणा करावी. जुन्या विमानांच्या आयातीवर वयाचे निर्बंध आहेत, म्हणून या विशिष्ट नगाबद्दलचं उत्तर कागदावर हवं. फोनवरचं ‘हो, चालेल’ पुढे कुठल्याच टेबलावर कामाला येत नाही. मंडळाने करार असा केला: दहा टक्के अनामत, डीजीसीएचं उत्तर प्रतिकूल आलं तर परत, आणि उरलेली रक्कम जर्मन नोंदणी रद्द झाल्याचं प्रमाणपत्र आणि निर्यात एअरवर्दिनेस प्रमाणपत्र तयार झाल्यावर.

या दोन कागदांवाचून जर्मनीत डी आणि चार आकड्यांनी ओळखलं जाणारं ग्लायडर इथे व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीचं, होत नाही. दोन्ही ब्राउनश्वाइगच्या जर्मन विमान कार्यालयाकडून येतात. निर्यात प्रमाणपत्र फार आधी काढून ठेवू नये, शिळं झालं तर पुन्हा तपासणी आली. ६०० युरो धरले.

पैसे जाण्यासाठी सोसायटीच्या नावाने आयात-निर्यात कोड आधी काढावा. दोन लाख डॉलरच्या आतल्या आगाऊ रकमेला परदेशी बँकेची हमी लागत नाही, आणि हे प्रकरण त्याच्या बरंच आत आहे. पण पैसे गेल्यावर माल आला याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, बँकेला द्यावाच लागतो. साध्या मालाला सहा महिने, भांडवली मालाला तीन वर्षांची मुदत असते. बँकेला व्यवहार सांगतानाच वर्गवारी नीट सांगावी, नाहीतर सहा महिन्यांनी नोटीस येते.

कंटेनरमध्ये काय बसतं

चाळीस फुटी हाय क्यूब कंटेनर आतून १२.०३ मीटर लांब, २.३५ रुंद, २.६९ उंच. दार २.३४ बाय २.५८. एएसके २१ चं धड ८.३५ मीटर आणि अर्धा पंखही साधारण तेवढाच, त्यामुळे एक ग्लायडर आरामात बसतं. पंख पुढच्या धारेवर उभे, मुळाशी आणि साधारण दोन तृतीयांश लांबीवर आधार देऊन. मागच्या धारेवर कधीच टेकवायचे नाहीत, ती कागदासारखी चेपते. धड स्वतःच्या चाकावर, पण चाकाला हवा कमी आणि पोटाखाली गादीचा पाळणा. शेपटीचा आडवा पंख काढून वेगळा. सुकाणू आणि एलेरॉन लाकडी पट्ट्यांनी जखडलेले, नाहीतर पाच आठवडे डोलणाऱ्या जहाजात बिजागऱ्या झिजतात.

कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, प्लॅस्टिकची चिकट फिल्म लावू नये. कंटेनरच्या उष्णतेत ती ॲक्रिलिकला चिकटते, काढताना ओरखडे पडतात. सुती कपडा बरा. बाष्प शोषणाऱ्या पिशव्या भरपूर लटकवाव्यात.

पाळण्याच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि उष्णता दिल्याची खूण. क्लबच्या सुताराने मागच्या अंगणातल्या फळ्या वापरल्या तर इथल्या वनस्पती संगरोधात कंटेनर अडकतो, आणि धुरी देण्यापेक्षा दिवसांचं भाडं महाग पडतं. पाळणा १,५०० युरो, हॅम्बुर्गपर्यंत ट्रक १,८००, जहाजभाडं ३,०००, विमा ५००. विमा ‘ऑल रिस्क’ अटींवर आणि सीआयएफच्या (माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या किमतीच्या) ११० टक्क्यांवर घ्यावा. जुन्या मालावर ओरखडे वगळलेले असतात, म्हणून माल भरण्याआधी प्रत्येक भागाचे तारखेसह फोटो काढून विमा कंपनीला पाठवून ठेवावेत.

जहाज सुएझमार्गे महिनाभरात येतं. डिसेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच कंपन्यांची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तो वळसा असेल तर दोनेक आठवडे आणखी. हे ऋतूच्या हिशेबात महत्त्वाचं आहे, त्याबद्दल शेवटी.

ट्रेलर मंडळाने घेतला नाही. जाहिरातीत तो ४,००० युरोला वेगळा होता. तो ग्लायडरचा भाग धरला जात नाही, त्याचं सीमाशुल्क शीर्षक वेगळं, ८७१६, आणि जुन्या वाहनाच्या आयातीच्या अटींचा फेरा सुरू होतो. शिकाऊ दोन आसनी ग्लायडर पट्टीच्या पलीकडे फारसं जात नाही. पुढे गरज पडली तर पीथमपूरला ट्रेलर बनवणारे आहेत. होळीनंतर गहू कापला की माळव्यातली शेतं मोकळी होतात, पहिल्या वर्षी कुठे उतरावंच लागलं तर उघड्या ट्रकवर पाळणा टाकून आणता येतं.

कराचा हिशेब

ग्लायडर ८८०१ शीर्षकाखाली येतं, म्हणजे इंजिन नसलेली विमानं. इंजिनवालं मोटर ग्लायडर ८८०२ मध्ये जातं, त्याचे दर आणि अटी वेगळ्या. म्हणून बिलावर ‘एअरक्राफ्ट’ एवढंच लिहून देणाऱ्या विक्रेत्याला थांबवावं. ‘इंजिनविरहित ग्लायडर’, अनुक्रमांक आणि वर्ष हे स्पष्ट हवं. ज्या अधिकाऱ्यापुढे ग्लायडर कधी आलंच नाही त्याला टाइप सर्टिफिकेटचा डेटा-शीट आणि तीन बाजूंचं रेखाचित्र दाखवलं की काम सोपं होतं.

दर ज्या दिवशी बिल ऑफ एन्ट्री दाखल होईल त्या दिवशीचे. हिशेबासाठी मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. मांडणी अशी. ग्लायडर ३८,०००, पाळणा १,५००, हॅम्बुर्गपर्यंत ट्रक १,८००, जहाज ३,०००, विमा ५००: एकूण ४४,८०० युरो, म्हणजे ४४,८०,००० रुपये. ही करपात्र किंमत. लोक फक्त ग्लायडरच्या किमतीवर दहा टक्के काढतात आणि तिथेच फसतात. भाडं, पॅकिंग, विमा सगळं या किमतीत येतं. भाड्याचा कागद नसेल तर अधिकारी एफओबीच्या (जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) वीस टक्के धरतात, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. इथे वीस टक्के म्हणजे आठ हजार युरोंच्या वर, प्रत्यक्ष भाड्याच्या अडीचपटीहून जास्त. जहाज कंपनीची पावती जपून ठेवण्याची किंमत एवढी आहे.

मूळ शुल्क ४,४८,०००. त्यावर समाज कल्याण अधिभार दहा टक्के, ४४,८००. दोन्ही मिळवून ४९,७२,८००, आणि या रकमेवर आयजीएसटी ८,९५,१०४. एकूण कर १३,८७,९०४, म्हणजे करपात्र किमतीच्या ३०.९८ टक्के. रुपयांत रूपांतर सीमाशुल्काच्या अधिसूचित दराने होतं, तुमच्या बँकेने युरो कितीला दिला याच्याशी त्याचा संबंध नाही.

जुन्या मालावर आणखी एक अडसर. बिलावरची किंमत अधिकारी डोळे मिटून घेत नाहीत, चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागतात: बनावटीचं वर्ष, नवं असतानाची किंमत, आजची स्थिती, उरलेलं आयुष्य. प्रमाणपत्रात लॉगबुकं आणि जर्मन निरीक्षकाचा अहवाल जोडला की बिलाची किंमत टिकते. २५,००० धरा.

आयजीएसटी परत मिळतो का

मंडळातल्या सीएचा पहिला विचार हाच होता: आठ लाख ९५ हजारांची क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेऊ. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये विमानांवरची क्रेडिट अडवलेली आहे, पण त्याच विमानावर उड्डाण शिकवण्यासाठी असेल तर अपवाद आहे. इथवर ठीक. मात्र क्रेडिट वापरायला तुमच्या सेवेवर कर लागला पाहिजे. डीजीसीए-मान्य उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करमुक्त असल्याचा खुलासा २०२४ मध्ये झाला. म्हणजे संस्था मान्यतेच्या वाटेने गेली तर विद्यार्थ्यांना स्वस्त पडतं, पण आयातीवरचा आयजीएसटी खर्चातच जातो.

करपात्र सेवाच द्यायची म्हटलं तरी क्रेडिट पचायला वेळ लागतो. १८ टक्क्यांनी ८,९५,१०४ रुपये संपवायला ४९,७२,८०० रुपयांची बिलं फाडावी लागतील. एका चढाईचे २,००० रुपये घेतले तर सुमारे २,४९० चढाया. दिवसाला पंचवीस आणि वर्षाला साठ उड्डाणदिवस धरले तर दीड वर्षाहून जास्त. सीएने शेवटी ही रक्कम परत येणारी धरलीच नाही, आणि ते योग्यच केलं. आलीच तर टायर-हुकच्या फंडात जाईल.

न्हावा शेव्यापासून इंदूर

दोन वाटा आहेत. न्हावा शेव्याला माल सोडवून ट्रकने आणायचा, किंवा सीलबंद कंटेनर रेल्वेने पीथमपूरजवळच्या टिही आयसीडीत, म्हणजे बंदरापासून दूरच्या सीमाशुल्क कंटेनर डेपोत, आणून तिथे सोडवायचा. बंदरापासून आयसीडीपर्यंतचं भाडं करपात्र किमतीत धरत नाहीत, त्यामुळे कराचा फरक पडत नाही. मंडळाने टिही घेतलं, कारण तपासणीच्या दिवशी मंडळाचा अभियंता स्वतः उभा राहू शकतो. कंटेनर उघडल्यावर हमालांनी पंख मधेच धरून उचलले तर नुकसान पाच मिनिटांत होतं.

पंख साधारण शंभर किलोचा, पण लांब, आणि मुळाशीच सगळं वजन. मुळाला दोघं, टोकाला एक, मधे एक, असे चौघं. कंटेनर ट्रेलरवर असताना त्याची जमीन छातीच्या उंचीला येते, म्हणून क्रेनने तो खाली ठेवून घ्यावा. फोर्कलिफ्ट जवळ आणू नये. ब्रोकर, आयसीडी, रेल्वे, ट्रक, क्रेन मिळून २,२०,०००. मोफत दिवस संपले की कंटेनरचं रोजचं भाडं सुरू होतं, म्हणून बिल ऑफ एन्ट्री जहाज लागण्याआधीच दाखल करावं.

रेडिओचं एक वेगळं प्रकरण. ग्लायडरमध्ये बसवलेला रेडिओ हा बिनतारी उपकरण म्हणून दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्यात येतो. फ्लार्म हे टक्कर टाळणारं यंत्र युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रक्षेपण करतं. मंडळाने फ्लार्म जर्मनीतच काढून ठेवलं. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन असेल तर त्यात जर्मनीचा देश-संकेत असतो, तो भारताचा करून इथे नोंदवावा लागतो. रेडिओ, परवाने आणि बसवणं १,५०,०००.

उरलेलं झटपट. तपासणी १,२०,०००, जर्मन कागद ६०,०००, बँक ३०,०००, चार्टर्ड इंजिनिअर २५,०००, इथली वाहतूक २,२०,०००. इथली जोडणी, वजन-तोल, डीजीसीएचं शुल्क आणि सही करणारा परवानाधारक अभियंता २,००,०००. पहिल्या वर्षाचा विमा १,२०,०००. सुटे भाग आणि अवजारं १,५०,०००. रेडिओ वर आलाच. करपात्र किंमत आणि कर मिळून झालेल्या ५८,६७,९०४ मध्ये हे मिळवले की ६९,४२,९०४.

तोच हिशेब ब्लानिकला लावला तर ९,००० युरोंचं ग्लायडर ३१ लाखांना पडतं. पाळणा तोच, ट्रक तोच, जहाज तेच, इथले कागद तेच. एएसके २१ जाहिरातीच्या पावणेदोनपटीच्या थोडं वर गेलं, ब्लानिक जवळजवळ साडेतीनपट. स्वस्त ग्लायडरचा हा गुणाकार कुणी आधी करत नाही. आणि स्पारची दुरुस्ती न झालेलं निघालं तर ३१ लाखांचं ते शोभेचं विमान.

चढवायचं कसं

६९ लाखांनी ग्लायडर हँगरमध्ये येतं, हवेत जात नाही. इंदूरच्या विमानतळावर प्रवासी विमानांची गर्दी, तिथे विंचची दोरी पसरता येणार नाही. मंडळाची नजर उज्जैनजवळच्या दताना पट्टीवर होती. राज्य सरकारची परवानगी, पट्टी वापरणाऱ्यांशी करार आणि इंदूरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय, तिन्ही लागतील. २०२८ च्या सिंहस्थात ती पट्टी मोकळी मिळणार नाही हेही धरून चालावं.

विमानाने ओढायचं तर तेही सोपं नाही. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर. चाळीस अंशांत हवेची घनता जवळजवळ १,६०० मीटर उंचीवरच्या हवेएवढी होते. १६० अश्वशक्तीचं प्रशिक्षण विमान ६०० किलोचं ग्लायडर घेऊन त्या हवेत धापा टाकतं. एप्रिल-मेमधले उत्तम थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर नेणारे गरम हवेचे झोत, त्यामुळे हातचे जातात.

विंचला ही अडचण कमी. हजार मीटर दोरीवर साधारण साडेतीनशे ते चारशे मीटर उंची मिळते. दोरीच्या टोकाला दुबळी कडी, म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटणारी कडी, हवीच. टोस्टच्या कड्या रंगांवरून ओळखतात: काळी १,०००, तपकिरी ८५०, लाल ७५०, निळी ६००, पांढरी ५०० डेकान्यूटन (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा ताण). रंग उड्डाण पुस्तिकेत दिलेलाच वापरायचा. ‘ही तुटते वारंवार, वरची लावू’ हा विचार पंखावर बेततो. जुनं विंच २०,००० युरोचं धरलं तर वाहतूक, कर, उभारणीसह ३५ लाखांची तजवीज ठेवावी. ट्रकवर बसवलेलं घेऊ नये, जुन्या वाहनाचा तोच फेरा. लोखंडी सांगाड्यावरचं मागावं, ते ८४२५ मध्ये विंच म्हणून येतं.

मंडळाने काय ठरवलं

एकूण आकडा एक कोटी चार लाखांच्या वर गेला. मंडळाने सभासद नवावरून बावीस केले, हिस्सा पाच लाखांचाच ठेवला, एक कोटी दहा लाख झाले. वरचे साडेपाच लाख युरो वधारला तर म्हणून बाजूला. क्रम उलटा केला: आधी पट्टीचा करार, मग विंचचा सौदा, त्याचबरोबर डीजीसीएकडे एएसके २१ च्या अनुक्रमांकाची विचारणा, आणि अनामत शेवटी. शिकवण्याचा परवाना असलेला एक प्रशिक्षक पहिल्या हंगामासाठी ठरवून ठेवला, नाहीतर नवं ग्लायडर बघायला लोक येतील आणि उडवायला कुणी नसेल.

तारीख त्यांनी पावसावरून ठरवली. माळव्याची काळी माती जूनच्या उत्तरार्धापासून चिखल होते, ऑक्टोबरपर्यंत पट्टीच्या कडेने चाकही फिरत नाही. मे महिन्यात आलेला कंटेनर आयसीडीच्या उन्हात उभा राहिला तर आतली हवा काचतंतूला मानवणारी नसते. म्हणून हॅम्बुर्गहून सप्टेंबरअखेर निघून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टिहीला पोहोचेल असा सौदा. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जोडणी आणि कागद, फेब्रुवारीत पहिल्या चढाया, थर्मल जागे होण्याआधी महिनाभर सराव. सप्टेंबर साधला नाही तर ग्लायडर पुढच्या वर्षापर्यंत जर्मन क्लबच्या हँगरमध्येच ठेवायचं, महिन्याचं भाडं भरून, हेही करारात लिहून घेतलं.